तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : डेन्मार्कच्या राजघराण्यातल्या बायका

मागच्या अंकात डेन्मार्कच्या मार्ग्रेथे राणीवर एक छोटीशी चौकट छापली होती, की बरोबर ५२ वर्षं राज्य करून १४ जानेवारी २०२४ ला त्यांनी स्वतःहून गादी मुलाला दिली, आणि त्या एवढ्याशा चौकटीवर इतके प्रश्न येतील असं आम्हाला कोणालाच वाटलं नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आले, पोस्टकार्डावर आले, एक काका तर डायरेक्ट ऑफिसात येऊन विचारून गेले. सगळे घेणं शक्य नाही, रिपीट होते ते एकत्र केलेत, आणि नावं न छापता फक्त वस्ती टाकलीय.

आमचे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते, त्यामुळे ती एम्प्रेस म्हणजे व्हिक्टोरिया हे लहानपणापासून माहीत. पण तुम्ही लिहिलं की हिंदुस्थानची एक सम्राज्ञी डॅनिश होती. ही कोण? (महाल)

काका, मिलचं तुमचं बरोबरच आहे. टाटांची मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला, त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं होतं, म्हणून ते नाव. पण व्हिक्टोरिया १९०१ मध्ये गेल्या, मुलगा सातवा एडवर्ड गादीवर आला आणि त्याची बायको अलेक्झांड्रा ही १९०१ ते १९१० हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली. ही अलेक्झांड्रा कोपनहेगनची, जन्म १८४४.

आता खरी गंमत तिच्या माहेराची आहे. तिचे वडील क्रिस्तियान हे राजघराण्यातले असले तरी लांबच्या फांदीचे, लष्करातले ऑफिसर, राजवाडा वगैरे नाही, कोपनहेगनमध्ये 'पिवळा पॅलेस' म्हणतात त्या घरात सगळं कुटुंब, पोरी आपले कपडे आपणच शिवायच्या आणि बहिणी एकाच खोलीत झोपायच्या. गादीवर बसलेल्या राजाला मूलबाळ नव्हतं, आणि पुढचा राजा कोण हा घोळ सुटला तो क्रिस्तियानमुळे नाही, त्याच्या बायकोमुळे. लुईसे तिचं नाव. गादीशी रक्ताचं नातं तिचं जास्त जवळचं होतं, तिच्या आईने आणि भावंडांनी आपले हक्क तिच्या नावावर सोडले आणि तिने ते उचलून नवऱ्याला दिले. मग आलं १८६३ साल. मार्चमध्ये अलेक्झांड्राचं लग्न इंग्लंडच्या युवराजाशी, त्याच महिन्यात धाकटा भाऊ ग्रीसचा राजा म्हणून निवडला गेला आणि नोव्हेंबरात वडील डेन्मार्कच्या गादीवर. एका वर्षात आपले कपडे आपण शिवणारं घर कुठल्या कुठे! या क्रिस्तियान नववा राजाला पुढे 'युरोपचा सासरा' म्हणायला लागले, पण मुलामुलींच्या सोयरिकी जमवायला डोकं कोणाचं लागत होतं म्हणाल तर या लुईसेबाईंचं. जावई मोजले जातात सासऱ्याच्या नावावर, आपल्याकडेही तसंच आहे म्हणा.

दुसरी मुलगी डागमार. तिचं जमलं होतं रशियाच्या युवराजाशी, निकोलाय नाव त्याचं, पण लग्नाआधीच एप्रिल १८६५ मध्ये तो फ्रान्समधल्या नीस शहरात वारला आणि दीड वर्षाने तिचं लग्न त्याच्याच धाकट्या भावाशी झालं. तोच पुढे झार तिसरा अलेक्झांडर झाला आणि डागमार झाली सम्राज्ञी मारिया फिओदोरोव्हना. फाबर्जे या जवाहिऱ्याची ती जगप्रसिद्ध अंडी माहीत असतील, त्यातलं पहिलं १८८५ मध्ये नवऱ्याने तिलाच ईस्टरला दिलं: वरून पांढरं साधं कवच, उघडलं की आत सोन्याचा बलक, बलक उघडला की आत सोन्याची कोंबडी.

पुढचं सगळं दुःखाचं आहे. मुलगा निकोलस दुसरा, सून, त्यांची मुलं, सगळी रशियन क्रांतीनंतर जुलै १९१८ मध्ये मारली गेली, दुसरा मुलगा मिखाईल त्याच्या महिनाभर आधी, आणि बाईंनी हे शेवटपर्यंत खरं मानलं नाही. १९१९ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश युद्धनौका पाठवून त्यांना क्रिमियातून काढलं, कारण इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज हा बहिणीचाच मुलगा. (निकोलस आणि जॉर्ज यांचे फोटो शेजारी ठेवून लोक जुळे समजतात ना, ते या दोन बहिणींमुळे.) परत कोपनहेगनला आल्या तर तिथे राज्य भाच्याचं, किंवा खरं म्हणजे भावाच्या मुलाचं, आणि तो खर्चाला भारी चिकट. किस्सा सांगतात की एका रात्री त्याने नोकर पाठवला, आत्याबाई, लाइटचं बिल फार येतंय, जरा दिवे कमी करा. बाईंनी आपल्या माणसांना बोलावलं आणि तळघरापासून माळ्यापर्यंत होते नव्हते तेवढे सगळे दिवे लावायला सांगितले. १९२८ मध्ये वारल्या, आणि २००६ मध्ये त्यांची शवपेटी डेन्मार्कहून सेंट पीटर्सबर्गला नेऊन नवऱ्याशेजारी पुरली.

मार्ग्रेथे दुसरी म्हणता, मंग पहिली कोण? (नंदनवन)

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारला आणि मला विचाराल तर या सगळ्या बायकांमध्ये हीच सगळ्यात तयारीची, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली मार्ग्रेथे जन्मली १३५३ मध्ये, बाप डेन्मार्कचा राजा चौथा वाल्डेमार. १० वर्षांची असताना नॉर्वेचा राजा होकोन याच्याशी लग्न लावून दिलं आणि पुढचं शिक्षण झालं ते एका स्वीडिश बाईच्या हाताखाली, जी संत बिर्गिट्टा यांची मुलगी होती, आणि ती बाई चांगली कडक होती. १३७० च्या सुमाराचं मार्ग्रेथेचं एक पत्र आजही आहे. वय असेल सतरा, ऑस्लोच्या आकेर्सहुस किल्ल्यात ती एकटी, नवरा लढाईच्या भानगडीत बाहेर, आणि राणीसाहेब लिहितात की माझ्या नोकरांना खायला-प्यायला नाही, अमुक व्यापाऱ्याला सांगा की उधारीवर माल द्यावा. राणी आहे, पण किराण्याची उधारी मागतेय! माझ्या मते पुढे जमिनी आणि पैसा या दोन गोष्टींवर तिची जी पकड बसली ती उगाच नाही.

१३७५ मध्ये वडील वारले. मोठ्या बहिणीचा मुलगा दावेदार होता, पण मार्ग्रेथेने धावपळ करून आपल्या ५ वर्षांच्या ओलुफला डेन्मार्कचा राजा निवडून आणलं. १३८० मध्ये नवरा गेला, ओलुफ नॉर्वेचाही राजा झाला, म्हणजे दोन्ही राज्यं पोराच्या नावावर आणि कारभार आईचा. नागपूरकरांना हे नवीन नाही, १८१८ नंतर लहानग्या तिसऱ्या रघूजींच्या नावाने बाकाबाईंनी कारभार बघितलाच होता, फरक एवढाच की बाकाबाईंच्या डोक्यावर इंग्रज रेसिडेंट बसलेला आणि मार्ग्रेथेच्या डोक्यावर कोणीच नाही. पण ऑगस्ट १३८७ मध्ये ओलुफ अचानक वारला, वय १६. आता जिच्या नावावर कारभार चालायचा तो मुलगाच नाही म्हटल्यावर दुसरी कोणी असती तर मठात जाऊन बसली असती. हिला एका आठवड्यात लुंड इथे सरदारांनी निवडलं, आणि पदवी दिली ती राणी नाही, तर 'राज्याची पूर्ण अधिकार असलेली बाई, घरधनी आणि पालक', कारण बाईला राजा म्हणायची सोय त्यांच्या कायद्यात नव्हती आणि हिच्याशिवाय भागणारही नव्हतं. पुढच्या वर्षी नॉर्वेनेही तेच केलं.

स्वीडनचा राजा तेव्हा आल्ब्रेक्ट नावाचा जर्मन. स्वीडिश सरदार त्याला कंटाळले होते, त्यांनीच मार्ग्रेथेला बोलावलं. हा आल्ब्रेक्ट तिला 'बिनतुमानीचा राजा' म्हणून हिणवायचा. फेब्रुवारी १३८९ मध्ये लढाई झाली, आल्ब्रेक्ट पकडला गेला आणि पुढची सहा वर्षं तिच्या कैदेत होता. तुमानीवर बोलायचं बंद झालं असावं.

आणि मग १७ जून १३९७, कालमार शहरात तिन्ही देशांचा एकच राजा म्हणून राज्याभिषेक, पण तिचा नाही, तिने दत्तक घेतलेल्या पोमेरानियाच्या एरिकचा, तो म्हणजे बहिणीचा नातू. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, वर नॉर्वेबरोबर आइसलँड आणि ग्रीनलँड, आणि स्वीडनबरोबर आजच्या फिनलंडचा मोठा भाग, सगळं एका छत्राखाली, यालाच कालमारचं युनियन म्हणतात. कालमारचे कागद बघितले तर बाईंची पद्धत कळते. राज्याभिषेकाचं पत्र चर्मपत्रावर, रीतसर लटकत्या शिक्क्यांचं, म्हणजे पक्कं. आणि राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणारं जे युनियनचं पत्र ते साध्या कागदावर, १७ जणांची नावं आहेत पण शिक्के १० जणांचेच. इतिहासकार त्यावर शंभर वर्षं भांडतायत, पण मला तरी यात बाईंचा हात दिसतो: जे आपल्या सोयीचं ते पक्कं करून घ्यायचं आणि जे नाही ते कच्चं राहू द्यायचं. १४०५ मध्ये एरिक नॉर्वेला निघाला, तोवर तो चांगला विशीतला झाला होता, तरी हिने त्याला लेखी सूचना दिल्या की कोणी काही मागितलं तर लगेच हो म्हणू नको, माझ्याशी बोलून सांगतो म्हण. राजा तो, पण शेवटची सही मावशीआजीची.

अशी ही बाई २८ ऑक्टोबर १४१२ ला फ्लेन्सबोर्गच्या बंदरात जहाजावर वारली. युनियन १५२३ पर्यंत कसंबसं टिकलं, एरिकला मात्र पुढे तिन्ही देशांनी हाकललं. आणि ५६० वर्षांनी १९७२ मध्ये जेव्हा दुसरी मार्ग्रेथे गादीवर बसली तेव्हा तिने स्वतःला 'दुसरी' म्हणवून घेतलं, म्हणजे जिला हयातीत कोणी सत्ताधारी राणी म्हटलं नाही तिला पहिलीचा नंबर दिला. हे मला फार आवडलं.

सर, राण्यांचा 'प्रभाव' वगैरे ठीक आहे, पण लग्न करून परदेशात जाणं आणि मुलं जन्माला घालणं यापलीकडे त्यांनी केलं काय? उगाच आजकालच्या फॅशनप्रमाणे मोठं करू नका. (सीताबर्डी)

करत नाही भाऊ. पण लग्न हेच त्या काळचं परराष्ट्र खातं होतं हेही बघा ना. आणि ते लग्न फसलं तर काय होतं याची एक केस सांगतो, वकील मंडळींना आवडेल.

इंगेबोर्ग नावाची डॅनिश राजकन्या, राजा पहिला वाल्डेमार याची मुलगी. १४ ऑगस्ट ११९३ ला आम्यां शहरात फ्रान्सचा राजा फिलिप ऑगस्टस याच्याशी लग्न झालं. दुसऱ्या दिवशी राज्याभिषेकाच्या वेळी राजा पांढराफटक पडला आणि तिथून त्याने ठरवलं की ही बायको नको. कारण काय, ते त्याने कधीच नीट सांगितलं नाही. नात्याची खोटी वंशावळ तयार करून तीन महिन्यात आपल्याच बिशपांकडून लग्न रद्द करून घेतलं. इंगेबोर्ग १८-१९ वर्षांची, फ्रेंच येत नाही, तिला निकाल समजावून सांगितला तेव्हा ती मोडक्यातोडक्या लॅटिनमध्ये एवढंच ओरडली, 'वाईट फ्रान्स! रोम! रोम!' म्हणजे मी पोपकडे अपील करते. आणि केलंच. गुपचूप माहेरी जा म्हटलं, गेली नाही. मठात टाकलं, किल्ल्यात कोंडलं, राजाने दुसरी बायकोही आणली, तरी हिचं एकच म्हणणं, मी फ्रान्सची राणी आहे. पोप तिसरा इनोसंट याने १२०० मध्ये अख्ख्या फ्रान्सवर बंदी घातली, चर्चच्या घंटा बंद, प्रार्थना बंद. शेवटी १२१३ मध्ये राजाने तिला परत राणी म्हणून मान्य केलं, २० वर्षांनी. प्रेमबिम काही नाही, त्याला इंग्लंडवर चढाई करायची होती आणि डॅनिश लोकांशी वैर परवडत नव्हतं. पण केस ती जिंकली, आणि नवरा गेल्यावर राजाची विधवा म्हणून मानाने चौदा-एक वर्षं जगली. आता याला फक्त लग्न म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि पैशाचं म्हणाल तर राजा चौथा क्रिस्तियान याची आई सोफी. १५८८ मध्ये नवरा गेला, पोराच्या नावाने कारभार करायचा तिचा प्रयत्न सरदारांनी हाणून पाडला आणि तिला तिच्या जहागिरीवर पाठवून दिलं. ठीक आहे म्हणाली. शेती केली, जनावरं विकली, व्याजाने पैसे दिले, आणि १६३१ मध्ये वारली तेव्हा युरोपातल्या सगळ्यात श्रीमंत बायांपैकी एक होती. लढायांसाठी पैसे उधार मागायला राजेसाहेब आईकडेच यायचे, आणि आई ते कर्ज म्हणूनच द्यायची. हाच क्रिस्तियान चौथा ज्याच्या काळात १६२० मध्ये डॅनिश लोक आपल्या तमिळनाडूत तरंगमबाडीला येऊन बसले, तिथला डान्सबोर्ग किल्ला अजून आहे.

डॅनिश राणी आणि डॉक्टरचं प्रेमप्रकरण खरं का? (गोकुळपेठ, दोन मैत्रिणी)

खरं. पण लोक फक्त प्रेमप्रकरण सांगतात आणि बाकीचं सोडतात, त्यामुळे थोडं मागून सुरू करतो.

कॅरोलिन माथिल्डे, इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याची सगळ्यात धाकटी बहीण. १७६६ मध्ये, वय १५, डेन्मार्कचा राजा सातवा क्रिस्तियान याच्याशी लग्न झालं. राजाचं मानसिक आजारपण दिवसेंदिवस वाढत गेलं. योहान स्ट्रुएन्से नावाचा जर्मन डॉक्टर त्याच्या सेवेत आला, राजाला त्याच्यामुळे बरं वाटायचं, राणीला आधी तो अजिबात आवडायचा नाही, मग १७७० मध्ये देवीची साथ आली आणि त्याने लहान युवराजाला टोचणी करून वाचवलं, तिथून विश्वास बसला आणि पुढे प्रेम. ही राणी पुरुषांसारखी तुमान घालून घोड्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसायची, पोराला अनवाणी हिंडू द्यायची, लोकांचे डोळे पांढरे व्हायचे.

स्ट्रुएन्सेच्या हातात सगळी पॉवर आली आणि दीड वर्षात हजाराच्या वर आदेश निघाले. चौकशीतला छळ बंद, आणि १४ सप्टेंबर १७७० ला छापण्यावरची सेन्सॉरशिप पूर्णच रद्द. युरोपात असं आधी कोणी केलं नव्हतं. आणि त्या मोकळीकीत पत्रकं छापली गेली ती स्ट्रुएन्से आणि राणीच्याच नावाने चावट चावट, आता याला काय म्हणायचं!

राजाची सावत्र आई युलियाने मारी संधी बघत होती. १६ जानेवारी १७७२, राजवाड्यातल्या थिएटरात मुखवट्यांचा बॉल. राणी आणि स्ट्रुएन्से दोघंही नाचले, मध्यरात्र उलटून गेल्यावर सगळे झोपायला गेले. पहाटे चारच्या सुमारास सावत्र आई आणि तिची माणसं राजाच्या बेडरूममध्ये शिरली, त्याला उठवून, घाबरवून अटकेच्या कागदांवर सह्या घेतल्या. स्ट्रुएन्सेला अंथरुणातून उचललं, राणीला हेल्सिंगोरच्या क्रोनबोर्ग किल्ल्यावर नेलं, सोबत फक्त सहा महिन्यांची मुलगी, कारण ती अंगावर पीत होती. मुलगा राजवाड्यातच ठेवून घेतला. एप्रिलमध्ये घटस्फोट, २८ एप्रिलला स्ट्रुएन्सेचा शिरच्छेद, आणि मे अखेर इंग्लिश जहाजं तिला न्यायला आली तेव्हा ती मुलगीही तिच्याकडून काढून घेतली. जर्मनीत सेले नावाच्या गावी भावाच्या खर्चाने राहिली आणि मे १७७५ मध्ये तापाने गेली, वय २३.

पण मला विचाराल तर यातली अभ्यास करण्यासारखी बाई युलियाने मारी आहे. तिला खलनायिका करून टाकलंय, पण तिने मुलाच्या नावाने १२ वर्षं देश चालवला. १७७६ मध्ये कायदा आणला की सरकारी पदं इथे जन्मलेल्यांनाच, आणि हा कायदा आणणारी बाई स्वतः जर्मनीतून आलेली! १७७५ मध्ये सुरू झालेल्या कोपनहेगनच्या चिनीमातीच्या कारखान्याला तिचाच आश्रय. प्लेटांच्या मागे तीन निळ्या लाटांची खूण असते ती डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुन्यांची, आणि ती तिने सुचवलेली. १७८४ मध्ये कॅरोलिनचा मुलगा १६ वर्षांचा झाला आणि भर बैठकीत त्याने वडिलांची सही घेऊन सावत्र आजीची सत्ता घालवली, काका (म्हणजे युलियानेचा मुलगा) आणि पुतण्या यांच्यात त्या वेळी अक्षरशः राजाची ओढाताण झाली. म्हणजे सही घेऊनच आली होती, सहीनेच गेली.

मोबाइलमधला ब्लूटूथ हा डेन्मार्कचा राजा होता असं मुलगा सांगतो. त्याच्या आईबद्दल काही माहिती? (प्रतापनगर)

मुलगा बरोबर सांगतोय. हाराल्ड ब्लूटूथ, आणि त्या लोगोत त्याच्या नावाची जुनी अक्षरं आहेत. आई थिरा. येलिंग या गावी तिचा नवरा गोर्म याने तिच्या आठवणीत दगड उभा केला, त्यावर ती 'डेन्मार्कचं भूषण' असं कोरलंय, आणि डेन्मार्क हे नाव देशाच्या आत पहिल्यांदा लिहिलेलं सापडतं ते त्याच दगडावर, म्हणजे बायकोच्या दगडावर. हाराल्डचा मोठा दगड शेजारी आहे, तो नंतरचा.

आणखी एक, हाराल्डची नात एस्ट्रिड. तिचा मुलगा १०४७ मध्ये राजा झाला तो आयुष्यभर बापाचं नाव न लावता स्वेन एस्ट्रिडसन म्हणवला, कारण गादीवरचा हक्क आईकडून आलेला. त्यांच्याकडे आडनाव बापावरून पडायचं त्या काळातली ही गोष्ट.

राजाने नाटकात किंवा नाचात काम करणाऱ्या बाईशी लग्न केल्याचं उदाहरण आहे का? (इतवारी)

आहे ना. सातवा फ्रेडरिक आणि लुईस रासमुसेन. नोकराणीची मुलगी, बापाचं नाव नाही, बॅलेत नाचायची. १८५० मध्ये राजाने लग्न केलं, राणी पद दिलं नाही, काउंटेस डानर केलं. कोपनहेगनच्या मोठ्या घरांनी तिला कधी जवळ केलं नाही, नवरा गेल्यावर तर नाहीच. तिने येगर्सप्रिस किल्ला गरीब, अनाथ मुलींच्या संस्थेसाठी देऊन टाकला आणि कोपनहेगनात कष्टकरी बायकांसाठी एक घर बांधलं. १९७९ मध्ये ते घर विकायला निघालं तेव्हा बायकांनी आत शिरून ताबा घेतला, आणि आज नवऱ्याच्या मारहाणीतून निघालेल्या बायका तिथे राहतात. ज्या राण्यांची तिला बरोबरी मिळाली नाही त्यांच्यातल्या किती जणींचं काम आज चालू आहे ते बघा.

मुलींना गादीचा हक्क कधी मिळाला? (लक्ष्मीनगर, स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी)

२७ मार्च १९५३ चा वारसा कायदा. तोवर राजाला तीन मुलीच असल्याने वारस होता त्याचा भाऊ क्नुड. या कायद्याने १२ वर्षांची मार्ग्रेथे वारस झाली, पण भाऊ असेल तर आधी भाऊ अशी मेख होतीच. ती निघाली २००९ च्या सार्वमताने. तारखा पाठ करा, बाकीचं परीक्षेत येत नाही.

मार्ग्रेथे दुसरी सिगारेट ओढायच्या म्हणे? (तीन-चार जणांनी विचारलंय)

हो, उघडपणे, आणि कित्येक वर्षं. पण मला त्यांची दुसरी बाजू जास्त इंटरेस्टिंग वाटते: टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या डॅनिश आवृत्तीत त्यांनी टोपणनावाने चित्रं काढली आहेत, बॅलेचे कपडे डिझाइन केलेत, पुरातत्त्व शिकल्या आहेत. घरात मात्र सगळं गोड नव्हतं. नवरे हेन्रिक हे फ्रेंच, त्यांचं कायमचं दुखणं की राजाची बायको राणी होते मग राणीचा नवरा राजा का नाही. रुसवा इतका की २०१७ मध्ये जाहीर केलं, मला हिच्याशेजारी पुरू नका, आणि खरंच पुरलं नाही. म्हणजे शेकडो वर्षं बायका ज्या जागी मुकाट उभ्या होत्या तिथे एक पुरुष उभा राहिला तर अख्ख्या जगाला बातमी झाली.

मुलगी नोकरीसाठी कोपनहेगनला आहे, आम्ही दोघं मे महिन्यात जातोय. तुमच्या या राण्यांपैकी काही बघायला मिळेल का? (मनीषनगर)

मिळेल की ताई. रोस्किल्डला जा, कोपनहेगनहून ट्रेनने अर्धा तास. तिथल्या चर्चमध्ये वेदीच्या मागे पहिल्या मार्ग्रेथेची कबर आहे, वर तिची पांढरी मूर्ती पहुडलेली. युलियाने मारी, सोफी, युरोपच्या सासऱ्याची ती लुईसे, सगळ्या त्याच छताखाली आहेत. कॅरोलिन माथिल्डे तिथे शोधू नका, ती सेलेलाच पुरलेली आहे, तिच्या नवऱ्याशेजारी तिला जागा दिली नाही. डागमारही आता तिथे नाही. हेल्सिंगोरचा क्रोनबोर्ग ट्रेनने पाऊण तास, एका दिवसात तो एकटाच करा, कारण समुद्राचा वारा लागतो आणि चालणं खूप आहे. येलिंग मात्र दुसऱ्या टोकाला, युटलँडमध्ये, मुलीला सुट्टी असेल तरच काढा. आणि मे म्हणजे आपल्याकडे ४५ डिग्री, तिथे स्वेटर लागतो, जॅकेट इथूनच घेऊन जा, तिकडे भाव ऐकून परत याल.